डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

प्रिय धाकट्या,

कापून काढलेल्या तुकड्याचा अहवाल आला, कर्करोग नाही. तू फोनवर रडलास आणि साऱ्या गोतावळ्याला कळवत सुटलास, त्यामुळे पुढचं बोलायचं राहिलं. ते लिहितो.

जठरापुढचं आतडं आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. माझी सूज तिथली. इतकी दुर्मीळ, की सर्जनबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. जन्मभर व्याकरण शिकवून एवढे उत्सुक विद्यार्थी कधी लाभले नाहीत. अन्न पुढे सरकेना, खाल्लेलं उलटून पडे, कावीळ चढली. स्कॅनमध्ये ही सूज हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. सुईने काढलेल्या नमुन्यानेही कौल दिला नाही.

तेव्हा बाईंनी दारूचं विचारलं होतं. मी घसा खाकरायच्या आत तूच उसळलास, की अहो मॅडम, आमचा दादा म्हणजे धुतला तांदूळ, थेंबाला शिवलेला नाही! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

धाकट्या, माझ्या शब्दकोशांमागे खोकल्याच्या औषधाची बाटली असते, तिच्यात औषध नसतं. तुझी वहिनी गेल्यापासून, बारा वर्षं, रोज. हा आजार बहुतेक पिणाऱ्यांनाच गाठतो. खरं बोललो असतो तर बाईंना आधी त्याचाच संशय आला असता. पिणं बंद करून, औषधं देऊन त्यांनी वाट पाहिली असती. कदाचित चाकू टळला असता. पण कर्करोग धरूनच त्यांनी कापलं; स्वादुपिंडाचा माथा, ते आतडं, पित्ताशय, सगळं गेलं आणि उरल्यासुरल्याची सांधेजोड झाली. रोज इन्सुलिन टोचतो. चार घास खायचे तरी गोळी. काल बाईंना सारं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला मात्र सांगणार नव्हतो. तुझ्या नजरेतला दादा शाबूत राहावा म्हणून पोट फाडून घेतलं. इतका महागात पडलेला दादा कोण हातचा घालवील? पण परवा तुझी बायको आली. म्हणाली, दादा, हे हल्ली जेवल्यावर पोट धरून बसतात, आणि ग्लास काढून घेतला तर म्हणतात, दादाने थेंब घेतला नाही तरी त्याला झालंच ना, मग मी का सोडू? धाकट्या, माझा दाखला देऊ नकोस. तो खोटा आहे. सोमवारी अकराला बाईंकडे तुझी वेळ घेतली आहे. मी शेजारी बसेन. पण विचारतील तेव्हा तुझं तू बोलायचंस.

तुझाच, होता तसा नसलेला,
दादा