प्रार्थनेत बोलून गेलो

सुवार्ता,

दाराशी पीठ आहे, ते परत पाठवू नकोस. सुमंतची नोकरी गेल्याचं बाहेर कळू द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण काल प्रार्थनासभेत डोळे मिटले आणि "प्रभू, पिठाचा डबा रिकामा आहे," असं मोठ्यानं बोलून गेलो. सकाळी सभेतल्या साळवेकाकू पीठ घेऊन आल्या. "जास्तीचं दळून आलंय, तुमीच संपवा," म्हणाल्या.

मी देवाला सांगत होतो की काकूंना ऐकवत होतो, मलाच कळेना. पण हे देवानं पाठवलं नाही, असं म्हणायचं धाडस होत नाही.

इंदापूरच्या अभ्यासिकेत पुस्तकं लावायला माणूस हवाय, तिकडे जातोय. तुझ्यासमोर यायची हिंमतही नव्हती. श्रियाला चपात्या कर. जेवणाआधीची प्रार्थना आज तूच कर, हवं तर मनातल्या मनात.

पपा