घाटातली रिकामी जागा

९ जानेवारी १९४४, धाराशिव

आलो एकदाचा! थंडी गोड आहे, डाक बंगला प्रशस्त आहे आणि काम तर मनासारखं. खालच्या स्टेशनापासून धाराशिवपर्यंत घाटाच्या पोटातून भुयारी रेल्वे! हैदराबादेत वरिष्ठ हसले. हसोत बापडे. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालतात आणि स्टेशनावर उतरलेला सगळा मुलूख त्या दोन-तीन खटाऱ्यांवर तुटून पडतो. आज मीही त्यातच होतो. एक शेळी माझ्या बुटावर उभी होती आणि तिचा मालक जवळजवळ माझ्या खांद्यावर. या लोकांचं भलं त्यांना न विचारताच करावं लागणार.

खरी गंमत घाटाच्या पायथ्याशी झाली. चिंचेखाली ड्रायव्हर रसूलने मोटार थांबवून मागचं दार उघडलं. चढलं कोणीच नाही. तरीही मागच्या बाकावरची माणसं दाटीवाटीने सरकली आणि खिडकीजवळची एक जागा रिकामी केली. माथा येईपर्यंत ती तशीच राहिली. माथ्यावर पुन्हा दार उघडलं, पुन्हा कोणी उतरलं नाही. शेजारच्या दगडाबाई नावाच्या म्हातारीने खुलासा केला. मोठ्या दुष्काळात धाराशिवला धान्य वाटतात असं ऐकून लई माणसं चालत निघाली आणि याच घाटात पडली. ती अजून चढायचीच आहेत म्हणे. दर खेपेला एकाला वर न्यायचं, हा इथला रिवाज. जिवंत माणूस टपावर लोंबकळतोय आणि मेलेल्याला खिडकी! हसून पोट दुखलं.

१४ जानेवारी

आज त्या जागेवर मी बसलो. रसूलने इंजिन बंद केलं, मागे आला, सलाम केला आणि आर्जवाने म्हणाला की साहेबांनी उठावं, पुढं त्याच्याजवळ बसावं. मी त्याला लायसन्सची आठवण करून दिली. मग मोटारीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, की मेलेल्यांना कसली आलीय घाई? माझा बोगदा होऊ दे, मग सगळ्यांनी एकदमच यावं, मी तिकीटही मागणार नाही. कोणी हसलं नाही. दगडाबाईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, तुमी तर आवतनच दिलं की वो साहेब.

विनोद कळायलाही थोडं डोकं लागतं.

१९ जानेवारी

तहसीलदारांना भेटून हुकूम काढवला. घाटात मोटार थांबवायची नाही, जागा रिकामी ठेवायची नाही. मानलेला दिसतो. गर्दी एका माणसाने तरी कमी झाली! घाटाच्या पायथ्याशी चाचणीच्या बोगद्याचं खणकामही सुरू झालं. मुकादम गुंडाप्पा कामाला वाघ आहे, अकलेने बैल. पहिल्या कुदळीआधी त्याने नारळ मागितला. मी दिला नाही.

३ फेब्रुवारी

दगड चांगला लागतोय. पाहणीसाठी वरिष्ठ पंधरा तारखेला येताहेत. त्यांना बोगदा पसंत पडला तर योजना मंजूर, आणि योजनेवर माझं नाव. नाहीतर जन्मभर मोऱ्या आणि रस्त्याची खडी मोजायची. ते मला होणे नाही.

गुंडाप्पाची एक नवी तक्रार. आत हात हलवायला जागा न्हाय, दाटी झालीया. आत तेव्हा त्याचीच चार माणसं होती. बोगदा मी बैलगाडी फिरेल एवढा रुंद आखलाय. कामचुकारांना निमित्तही नीट सुचत नाही.

८ फेब्रुवारी

स्वतः जाऊन पाहिलं. भर दुपार, हातात कंदील. आत कोणी नव्हतं.

तरी मला अंग चोरून, तिरकं होऊन चालावं लागलं. का ते सांगता येत नाही. परतताना बरगडीत कोणाचं तरी कोपर लागलं. दगड असेल. दगडच.

१० फेब्रुवारी

रसूल बंगल्यावर आला होता. हात जोडून सांगत होता की हुकूम मागं घ्या. मी नकार दिला. जाताना म्हणाला, आता घेऊन तरी काय फायदा, साहेब. काल त्याने चोरून चिंचेखाली दार उघडून पाहिलं. इतकी वर्षं दार उघडलं की मोटार थोडी दबायची. काल दबली नाही. खाली कोणीच न्हाय ऱ्हायलं, म्हणाला.

भित्रा. सगळेच भित्रे.

मग मी त्याला चहा घेऊन जा असा आग्रह का केला?

१४ फेब्रुवारी

मजूर पळाले. गुंडाप्पा हत्यारंसुद्धा टाकून गेला. उद्या वरिष्ठांना काय दाखवू? अडाण्यांच्या भीतीवर माझी योजना मरू देणार नाही. सकाळी मी आधी आत जाऊन टोकाशी कंदील लावून ठेवणार. ते येतील तेव्हा मी आतून हसत बाहेर येईन. मग बोला म्हणावं.

भीती वाटते. लिहून टाकलं. वाटते.

१५ फेब्रुवारी, बोगद्यात

टोकाशी आलो. कंदील लावला. तोंडाशी ऊन दिसतंय, स्वच्छ —

मधे माणसं आहेत.

धक्काबुक्की नाही. नुसती उभी. खांद्याला खांदा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी सरका म्हटलं. सरकली, पण माझ्याकडे —

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. वरिष्ठ. मी हाका मारल्या. त्यांचंच हसणं ऐकू येतंय. म्हणताहेत की रिकामाच आहे, आत कोणी दिसत नाही —

एक बाई विचारते, गाडी कवा येती. साहेबांनी बोलावलं म्हनून समदे आलो. पोटं पाठीला लागलेली. मूर्ख, अडाणी, मेल्यावरसुद्धा —

सांगितलं. गाडी नाही. रूळ नाहीत. मंजुरीच नाही अजून.

कोणी रागावलं नाही. बाईने कडेवरचं मूल माझ्या हातात दिलं. म्हणाली, मग तुमीच न्या वर.

एका हाताने लिहितोय. पाठीवर कोणीतरी चढलं. आणखी एक. गुडघे टेकले माझे. हलकी आहेत, सगळीच हलकी आहेत, पण इतकी —