कोंबलादच्या तळ्यातला डॉक्टर

मी, ओनोरीन व्हेसाद, वय सत्तर, अविवाहित, राहणार कोंबलाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझ्या नावाने टाइप केलेला कागद कुणी पुढे केला, तर तो खोटा समजावा. नोटरी हे सरपंचांचे मेहुणे, म्हणून त्यांच्याकडे गेले नाही.

१. वडिलांची ऐरण, भाता आणि सगळे हातोडे आमादेउ गवंड्याला द्यावेत. या उन्हाळ्यात गिरणीचे तळे आटले, तेव्हा चिखलातून डॉक्टर बास्तीद यांचा ब्राँझचा पुतळा त्यानेच वर काढला. पुतळ्याला गुंडाळलेल्या साखळीवर माझ्या वडिलांचा ठसा होता. ती त्याने आधी मला दाखवली, मग सरपंचांना. तो मूळचा इथला नाही, हे यावरूनच दिसते.

२. युद्धात धातूसाठी पुतळे वितळवण्याचा हुकूम निघाला आणि डॉक्टरसाहेब चौथऱ्यावरून नाहीसे झाले. माझे वडील फिर्मँ लोहार यांनी पुतळा भंगारवाल्याला विकला, असे गावात पसरले. पुढच्या वर्षी त्यांना जर्मनीत कामाला नेले. ते परतले नाहीत. त्यांची मुलगी म्हणून मला बेकरीत कायम करपलेला पाव मिळे. आता सरपंच रोलाँ पुतळ्याखाली पाटी लावणार आहेत: 'समस्त ग्रामस्थांनी लपवला.'

"समस्त म्हणजे कोण कोण? नावं सांग," मी विचारले.

"ओनोरीनबाई, जुनं कशाला उकरता?"

"तळं आटलं. मी काही उकरलं नाही."

३. अफवा रोलाँची आई लेओंतीन हिने उठवली, हे मी लहानपणापासून जाणते. गेल्या रविवारी ती काठी टेकत आली. मी दार फटीएवढेच उघडले.

"विकला असं सांग, म्हणजे तळ्यात कुणी शोधणार नाही, असं फिर्मँदादाच मला म्हणाला होता," ती म्हणाली.

"मग युद्ध संपल्यावर का नाही बोललीस?"

"वाटलं, तो येईल, स्वतःच सांगेल. मग उशीर झाला. उशीर झाला की तोंड उघडत नाही गं."

खरे असेल. पोराची पाटी वाचवायला रचलेलेही असेल. ती रडली नाही, म्हणून आत घेतले.

४. घर आणि तळ्याकाठचे कुरण गावाला, एका अटीवर. पाटीवर दोनच नावे हवीत: फिर्मँ व्हेसाद, ज्याने लपवला, आणि लेओंतीन एस्तेव्ह, जिने गुपित राखले. खोटे बोलली असेल, तर चर्चला जाता-येता आपले खोटे वाचील. पाटी माझ्या मरणाची वाट न बघता ईस्टरपूर्वी लागावी. नाही तर मी दुसरे मृत्युपत्र लिहीन.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. दोघेही मुद्दाम पलीकडच्या गावचे:
व्हिक्तोरँ कायरेल, गुरांचे डॉक्टर (सही)
सुझेत मारुएज, शिंपीण (सही)

ता.क. कलम चार लेओंतीनला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माझं नाव बारीक अक्षरात घाल." ते मान्य केलेले नाही. दोन्ही नावे सारख्याच अक्षरात कोरावीत.

कोंबलाद, ९ नोव्हेंबर २००३
ओनोरीन व्हेसाद (सही)