काहीच न करण्याचा पर्याय

ता. ९ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही सोयीने ऐकता. कागदावरचं निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

मी बरी आहे. वसतिगृहाच्या खोलीत पंखा आहे; तो फिरतो की नुसता विचार करतो, ते अजून ठरलेलं नाही. खोलीतली मैत्रीण धरणांचा अभ्यास करते आणि झोपेत बोलते. जेवणाने पोट भरतं, त्यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

या सत्रात पायाभूत सुविधांच्या व्यवस्थापनाचा विषय आहे. इतकी वर्षं आम्ही गोष्टी बांधायच्या कशा ते शिकलो. आता बांधलेल्या गोष्टी म्हाताऱ्या कशा होतात ते शिकतो आहोत. प्रत्येकाने एक जुनं बांधकाम निवडायचं, त्याच्यावर काही महिने नजर ठेवायची आणि अहवाल लिहायचा. कुणी पूल घेतला, कुणी पाण्याची टाकी. मी आपल्या घरामागची दगडी भिंत घेतली. तुम्ही तिला कुंपण म्हणता, पण वरचा रस्ता आणि त्याखालची सगळी माती ती अंगावर घेऊन उभी आहे. आणि तिने पोट काढलं आहे. हे मी म्हणत नाही, ओळंबा म्हणतो.

गेल्या महिन्यात मी तिच्या भेगेवर तीन काचा लावल्या, ते पुन्हा समजावून सांगते, कारण त्या दिवशी तुमचं सगळं लक्ष माझ्या कापलेल्या बोटाकडे होतं. भेगेवर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की, वर तारीख कोरलेली. भेग जागची हलली नाही तर काच शाबूत राहते. केसभर हलली तरी तडकते. काच वाकत नाही, ताणत नाही आणि कुणाची भीड धरत नाही. दर रविवारी तिन्ही काचा पाहून कळवायचं, एवढंच तुमचं काम. "कडा घासल्याशिवाय काच हातात घेऊ नये, फ्रेमवाल्याच्या मुलीला एवढंही कळू नये?" हे तुमचं वाक्य मी वर्गात सांगितलं. सगळे हसले. आमच्या बाईसुद्धा.

अहवालात पर्याय मांडायचे असतात. डागडुजी, नवी भिंत, खालच्या माणसांना हलवणं वगैरे. गंमत म्हणजे पहिला पर्याय सगळ्यांना एकच असतो, आणि सक्तीचा: "काहीच न करणे". त्याचेही परिणाम सविस्तर लिहावे लागतात.

भिंतीतून पाणी निघायची भोकं तुम्ही सिमेंटने बुजवलीत, ती उघडून घ्या. ओलीने फ्रेमचे पुठ्ठे फुगतात हे मान्य, पण पाण्याला कुठेतरी जावंच लागतं.

तुमची,
ठमी

ता. २१ सप्टेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मजकूर एकदाच पुरला असता.

तिन्ही काचा शाबूत आहेत. भोकांचं बघतो.

पहिला पर्याय मला पसंत आहे. तोच ठेव. या घरात तो फार वर्षं चालला आहे आणि कुणाची तक्रार आलेली नाही. माणसालाही सत्तरीला पोट सुटतं, म्हणून काही त्याच्या मुळावर उठत नाहीत.

वरून हल्ली मोठे ट्रक जातात. टेबलावरच्या काचा किणकिणतात. मागच्या खोलीत एकटं काम करणाऱ्याला तेवढीच सोबत.

तुझ्या पदवीच्या फोटोसाठी चांगलं लाकूड बाजूला काढून ठेवलं आहे. फोटो तेवढा वेळेवर आण. बोट भरलं का?

बाबा

ता. २ नोव्हेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. काचा शाबूत. भोकांना अजून मुहूर्त लागला नाही. माझी तब्येत ठणठणीत.

बाबा

ता. २५ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आधी चांगली बातमी सांगते. अहवालाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. "भेग स्थिर आहे, तूर्त धोका नाही" हा माझा निष्कर्ष बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला.

आता दुसरी. रविवारी घरी आले, तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि मी मागे जाऊन भिंत पाहिली. तिन्ही काचा शाबूत होत्या. वरची तारीख माझी होती, माझ्याच अक्षरात, चारच्या शेपटीसकट. मी मधल्या काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं नाही.

मग उरलेल्या दोन पाहिल्या. त्यांच्याही कडा घासलेल्या, गुळगुळीत, लहान मुलाच्या हातात द्याव्यात अशा. टोकांना जुन्या सिमेंटवर नवं सिमेंट आणि त्यावर आणखी नवं. किती वेळा फुटल्या आणि माझं अक्षर किती वेळा गिरवलंत, ते मी विचारत नाही. पण बाबा, आयुष्यात एकही काच तुम्ही खरबरीत कडेची गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाहीत, आणि लबाडी करतानाही तुम्हाला राहवलं नाही. नुसती कापून लावली असतीत तर मी जन्मात ओळखलं नसतं.

तुम्ही चहा घेऊन आलात. "साखर कमी आहे" एवढं म्हणून मी तो प्यायले आणि बस पकडली. समोर बोलले असते तर आवाज चढला असता. तुमचाही आणि माझाही.

सोमवारी बाईंना सांगितलं की माझ्या नोंदी खोट्या आहेत. त्या पेन्सिल टोकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ज्याला घर सोडायचं नाही, त्यालाच भिंतीवर राखण बसवलंस? हे म्हणजे मांजराला विचारायचं, दूध उरलंय का." गुण गेले. अहवाल पुन्हा लिहायचा आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, खरंच. नगरपालिकेच्या अभियंत्यालाही मी कळवलं आहे. तो गुरुवारी येईल. निदान मागची खोली रिकामी करायला सांगेल. त्याला दारातून परत पाठवू नका.

अहवालात धोका मोजायचे दोन रकाने असतात. भिंत पडायची शक्यता किती, आणि पडली तर खाली कोण. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं: "एक व्यक्ती, वय एकाहत्तर, झोपण्याची जागा भिंतीपासून दीड मीटर." लिहिताना काही वाटलं नव्हतं, तसंच लिहायचं असतं. काल तो कागद परत हातात घेतला तेव्हा मात्र पुढची ओळ वाचवेना.

भिंत मी अभ्यासासाठी निवडली असं तुम्हाला सांगितलं. तसं नव्हतं. मागच्या खोलीत झोपू नका, हे मला तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगायचा धीर नव्हता. वाटलं, अहवालाने सांगावं. तुम्ही मग कागदाशी भांडला असतात, माझ्याशी नाही. तुम्ही काचेआड लपलात, मी अहवालाआड. खाण तशी माती.

मला भीती वाटते, बाबा. ट्रक गेला की तुम्हाला सोबत वाटते, मला इथे भीती वाटते. एवढं एक वाक्य मी सप्टेंबरच्या पत्रातही लिहू शकले असते.

सोबत पुठ्ठ्यात बांधून एक पट्टी पाठवते आहे. आजची तारीख कोरली आहे. कडा न घासता लावा. फुटली तर फुटलेली राहू द्या.

तुमची मुलगी,
ठमी

ता. ६ डिसेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. पट्टी आली तशीच लावली. कडा घासायला हात शिवशिवत होते, आवरले.

अभियंता येऊन गेला. पोरगेलाच आहे, पण बूट बाहेर काढून आत आला. भोकं उघडायला त्यानेच माणूस लावला. पहिलं उघडलं तसं पाणी असं आलं की अंगण धुऊन निघालं. इतकं पाणी त्या भिंतीच्या पोटात होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीत झोपू नका, बसूही नका, म्हणाला. मी म्हटलं, मुलीला विचारून सांगतो.

काचा मी बदलल्या. पहिली फुटली तेव्हा वाटलं, ट्रकच्या हादऱ्याने असेल. दुसरीच्या वेळी तसं वाटलं नाही, तरी बदलली. मला वाटे, तू अहवाल लिहिशील, मग मला न्यायला येशील, आणि एखाद्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसवशील. तिथे मी कुणाच्या फ्रेमा करू? तुझे गुण जातील, हे डोक्यात आलं नाही. ते यायला हवं होतं.

काल दुपारी जेवत होतो. मागे बारीकसा आवाज झाला. काच आयुष्यभर हाताळली आहे, उठून बघायची गरज नव्हती, तरी जाऊन पाहिलं. मधोमध तडकली आहे. तशीच ठेवली आहे.

खाट पुढच्या खोलीत आणली. अंथरूण, कपडे, तुझ्या फोटोचं लाकूड, सगळं आणलं. कामाचं टेबल मात्र एकट्याने हलत नाही. दुसरं टोक धरायला ये.

वाट पाहतो,
बाबा