न आलेला आवाज

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी ठणठणीत आहे. तुम्ही मायलेकीही असाल असं धरून चालतो. नसाल तर आधी ते कळव.

भिंगरीने माझा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला आणि मध्यंतरात अख्ख्या रांगेला सांगितलं की यातली सगळी मारामारी तिच्या मामाची आहे, हे तुझ्या पत्रात वाचून मी स्टुडिओत एकटाच हसत बसलो. बारा वर्षं सिनेमांना आवाज पुरवतोय, पण माझ्या नावाने अशी दवंडी कुणी पिटली नव्हती. तिचे आभार मान.

तिने विचारलेलं गुपित असं आहे. ठोसा म्हणजे वाळूच्या पिशवीवर मारलेला ओला चामडी पट्टा. हाड मोडतं तेव्हा कोबीचा गड्डा मोडत असतो. नायिका दांड्याने गुंडांना झोडपते, त्या प्रसंगावर मी दोन दिवस घालवले. एकही फटका दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही. पुढच्या वेळी कान देऊन ऐक म्हणावं.

दिवसभर लोकांच्या चष्म्यांची भिंगं घासतेस, एकदा स्वतःचाही नंबर तपासून घे. तुझं अक्षर मोठं व्हायला लागलंय.

लोभ आहेच, तो चढता राहू दे.

तुझा
खुडबुड्या

१९ मार्च

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र चारदा लिहायला घेतलं आणि चारदा फाडलं. आता जसं होईल तसं पाठवते.

गेल्या रविवारी दुपारी भिंगरी आणि वरच्या मजल्यावरची मनी जिन्यात खेळत होत्या. दोघी एका वर्गात, एका बाकावर. भिंगरी नायिका झाली होती आणि मनी गुंड. मनीला गुंडच व्हायचं असतं, कारण त्यात पडायला मिळतं. दांडा आपल्या फरशी पुसण्याचा.

मी आत इस्त्री करत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आली ती भिंगरी. ती मनीला सांगत होती की ऊठ, तुला अजून तीनदा उठायचंय. ती तेच तेच म्हणायला लागली तेव्हा मी बाहेर गेले. मनी भिंतीला टेकून बसली होती. डाव्या डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त. रडतही नव्हती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघण्याचं माझं काम, पण तो हात बाजूला करून बघायचा धीर होईना.

भुवईवर पाच टाके पडले. फटका बोटभर खाली बसला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. सूज इतकी आहे की डोळा उघडत नाही. आठवड्याने नक्की कळेल.

भिंगरी दोन दिवस जिन्यात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा माझ्याकडे पाठ करून बोलली.

“आई, आवाजच आला नाही. मला वाटलं, लागलंच नाही.”

शेजारी म्हणतात, सगळीच मुलं हे सिनेमे बघतात, सगळी कुठे डोकी फोडतात? बरोबर आहे त्यांचं. सिनेमा पाहून तिच्या मनात मारायचं आलं, असं मीही म्हणणार नाही. मनीवर तिचा जीव आहे. पण मारल्यावर पुढे काय होतं, ते तिला फक्त सिनेमाने सांगितलं होतं. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिन्ही वेळा मी तिच्या शेजारी बसून मजेत बघत होते.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. हे वाक्य दोनदा वाच.

आशीर्वाद होते तेवढेच आहेत, एकही कमी झालेला नाही.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,

सा. न. पुढची विनंती काय करावी, सुचत नाही.

पत्र उभ्यानेच वाचलं. टेबलावर नव्या सिनेमाची मारामारी पडून आहे. चाळीसेक फटके द्यायचे आहेत आणि मला पट्टा उचलवत नाही. खरा फटका मऊ असतो, ताई. आम्हा लोकांना ते पक्कं माहीत असतं. तो पडद्यावर खोटा वाटतो म्हणून आम्ही खोटा आवाज करतो, आणि तो लोकांना खरा वाटतो. एवढी वर्षं मला याचं कौतुकच वाटत आलं.

मनीच्या डोळ्याचं एका ओळीत तरी कळव. तिच्या आईची माफी मागायला मी निघून येऊ का? त्यांना ते आवडणार नसेल तर सुट्टीत भिंगरीला इकडे पाठव. आणि मनीला येऊ दिलं तर दोघींना. हे आवाज कसे बनतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं असं वाटतं.

तू न रागावता लिहिलंस. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं, पण मग मी असा विचार केला नसता. त्यासाठी तुझा ऋणी आहे.

माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ

३ एप्रिल

चि. भावास,

आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच. डोळा वाचला.

डॉक्टरांनी तपासलं तरी माझं समाधान होईना, म्हणून मनीला दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं केलं. तिने खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली, आणि वर मलाच विचारलं की याहून बारीक नाही का. मी फ्रेमांच्या कपाटामागे जाऊन डोळे पुसले.

पण सांगायचं आहे ते तिच्या आईबद्दल. ती बस चालवते, तुला ठाऊक आहे. अपघाताच्या पाचव्या दिवशी ती ड्युटी संपवून गणवेशातच आमच्या दारात उभी राहिली. आता तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं. तिने भिंगरीला हाताला धरून वर नेलं, जखम पुसताना कापसाची वाटी धरायला लावली आणि नीट बघायला लावलं. मग सांगितलं की टाके निघेपर्यंत रोज संध्याकाळी पाचला यायचं. भिंगरी रोज गेली, पुढे जखमही तीच पुसू लागली. आता मनीची तक्रार आहे की हिचा हात फार हळू चालतो.

त्या बाईचे आभार मानायला मी दोनदा वर गेले आणि दोनदा चहा पिऊन परत आले. सुट्टीत ती स्वतः दोघींना घेऊन तुझ्याकडे येणार आहे. माफी नको म्हणते. एवढा गोंगाट करणारा माणूस दिसतो तरी कसा, ते बघायचंय म्हणाली.

नीट दाढी करून स्टेशनवर जा.

ताई

२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तिघी काल सुखरूप निघाल्या. घर रिकामं वाटतंय.

स्टुडिओत मी त्यांना दांड्याचा तो प्रसंग आधी नेहमीसारखा दाखवला आणि मग माझे सगळे आवाज काढून. आवाजाशिवाय पाहताना दोघी आधी हसल्या, मग हसू थांबलं. मनीने विचारलं, गुंडाला लागतं तेव्हा तो काय म्हणतो? मी सांगितलं, आम्ही त्याचं काही ठेवत नाही. मग म्हणाली, “मी काय केलं होतं ते करून दाखवू?”

मी तिच्या आईकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. मनी माइकसमोर उभी राहिली आणि तिने नुसता श्वास आत घेतला. अर्धवट, मध्येच अडकलेला. भिंगरी दार ढकलून बाहेर पळाली. मनीच तिला आणायला गेली. बऱ्याच वेळाने दोघी हातात हात घालून आल्या, डोळे लाल, आणि लगेच कोबी मोडायला मागू लागल्या. चार गड्डे मोडले.

तो श्वास मी मनीला आणि तिच्या आईला विचारून ठेवून घेतला. त्याचा सूर खाली उतरवून मोठ्या माणसाचा केला आणि नव्या सिनेमात एका फटक्याला लावला. तिथे माझा पट्टा नाही, फक्त तो. दिग्दर्शक वैतागले, प्रसंग ढिला पडतो म्हणाले. मी म्हटलं, हा काढायचा असेल तर बाकीचे एकोणचाळीस दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच असं बोललो. त्यांनी तो ऐकला, परत ऐकला, आणि ठेवला.

तू पाठीशी असण्याची मला सवय झाली आहे. ती मोडू नकोस.

खुडबुड्या

१८ ऑगस्ट

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. काल आम्ही चौघी तुझा नवा सिनेमा पाहून आलो. जायचं की नाही ते मी मुलींवर सोडलं होतं. त्यांनी दोन दिवस खलबतं केली आणि जायचं ठरवलं.

खरं सांगते, फार काही बदललेलं नाही. थिएटर मुलांनी भरलं होतं आणि प्रत्येक ठोशाला शिट्ट्या पडत होत्या. भिंगरीही दोन-तीनदा टाळ्या वाजवून गेली, मग माझ्याकडे बघून तिने हात मांडीखाली घेतले. मनी खुर्चीच्या कडेला आली होती. तिचा श्वास कुठे येणार ते तिला ठाऊक होतं.

मग तो फटका आला. कसलाच दणका नाही. नुसता तो श्वास, एवढ्या मोठ्या अंधारात. एक शिट्टी अर्ध्यात तुटली. आमच्या पुढे एक चारेक वर्षांची पोर वडिलांच्या मांडीवर बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, “बाबा, त्याला लागलं?”

वडील सगळ्यांसारखेच तोंड उघडं टाकून बघत होते. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, “हो गं. लागलं त्याला.”

एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी
ताई