आईने दिलेली ओ

सिल्व्हर पार्क, मीरा रोड

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. घाबरू नका, आई बरी आहे. घाबरलेय ती मीच!

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथे आल्यापासून ती बोलतच नव्हती. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. आज तिला सोसायटीतल्या योगा क्लासला नेऊन खुर्चीत बसवलं. शिकवणाऱ्या नीलमबेन म्हणाल्या, "पेट से ओम् बोलो, मन हल्का होगा, ताकत आएगी." सगळ्यांनी सूर लावला. 'ओ' इतका लांबला की 'म' येईचना. मग आई एकदम केवढ्यांदा ओरडली, "ओऽऽ! आले, आले!" आणि काठी न घेता उभी राहिली! अख्खा हॉल वळून बघायला लागला. मी धावत जाऊन तिला धरलं.

घरी येताना म्हणाली, "सगळे ओ देत होते गं. वाटलं, मलाही कुणीतरी हाक मारली. इथे कोण मारतंय!"

तुमचा डबा वेळेवर येतो ना?

बाबा, इतकी वर्षं तुम्ही "अगं ए"वरच भागवलंत. पत्र मिळताच फोन करा आणि एकदाच "अंबिका" म्हणा. ती अशी ओ देईल, की तुम्हालाही ऐकू येईल.

तुमची,
ममता