सियाच्या खोलीखालचं पेव

ता. ३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी पुण्याहून सुधाकरचा फोन. एकेकाची तब्येत विचारून घेतली. सुधाकरचं पित्त कमी. सूनबाईची कंबर धरली होती, आता मोकळी. सियाचा खोकला गेला. पडलेला दात दाखवत होती नात माझी. मालेगावची लेक माया बरी. हिचे गुडघे जसेच्या तसे. आपलं काय, जुनी बैलबंडी, कुरकुरते पण चालते.
नव्या घराचा नकाशा फोनवर आला. सु. म्हणे, “बाबा, सगळ्याईनं आपापलं सांगा, मंग पक्का करतो.”

ता. ६, शुक्रवार
मायानं नकाशा मोठ्या कागदावर काढून आणला, बाजेवर पसरला. ही म्हणे, “संडास सैपाकघराले लागून? फोडणी कशाची अन् वास कशाचा!” मायाले ओटा उंच पाहिजे, आंगणात तुळशीले जागा पाहिजे. मले काही उमगेना. नुसत्या रेघा. तरी म्हटलं, “झ्याक आहे.”
“बाबा, कागद उलटा धरला तुमी!” माया हसून लोळली.
अक्षरं गुरं चारता चारता जुळवली. रेघा कोण शिकवणार होतं?

ता. ९, सोमवार
इंजिनिअर आला. मागच्या मोकळ्या जागेत दोऱ्या ताणून चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर भुईवर आखलं. आता समजलं! ही रेघ ओलांडून सरळ आत. तो म्हणे, “आजी, भिंतीतून काय येता, दारातून या.” ही मागं गेली, दारातून आली, डोक्यावर पदर घेऊन. सगळे हसलो.
मग त्यानं विचारलं, “इथं जुना आड, पेव, काही?”
ही लगेच, “पेव होतं ना, सासऱ्याच्या वेळचं. भुईत खोल, जवारी राहे त्यात. यायनं बुजवलं कवाच.”
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान डोलावली.
उभा कुठं होतो? सियाच्या आखलेल्या खोलीत. हळूच रेघेबाहेर सरकलो.

ता. १०
इथं तरी खरं लिहितो. बुजवलं नाही.
बाप जाताना म्हणाला होता, पेव मुरूम टाकून बुजव. सोयाबीन कापणीवर, बैल दुसऱ्याकडं. तोंडावर फरशी ठेवली, वर माती लोटली, घरात सांगितलं झालं काम. पुढच्या साली करू म्हटलं. पुढचं साल काही आलं नाही.
दुसरंही आहे. भेव. लहान होतो तेव्हा बापानं पेवात कंदील सोडला. आत जायच्या आधी सोडतातच, हवा पाहायले. दोन माणसांच्या उंचीइतका खाली गेला अन् गपकन विझला. बाप म्हणे, “मांगं सरक.” त्या तोंडाशी पुन्हा वाकायची हिंमत नाही झाली.

ता. ११
दुपारी पहार घेऊन गेलो. ठोकून पाहिलं. चार ठिकाणी टणक. खिडकीच्या रेघेपासून तीन पावलं आत, ढब्ब. पुन्हा ठोकली, ढब्ब. खाली पोकळ.
ही आली. “काय शोधून राह्यले?”
“किल्ली पडली.”
ती बिचारी वाकून शोधू लागली, त्या गुडघ्यांनी. तिथंच, बरोबर त्यावर. हात धरून ओढलं तिले. रागावली.

ता. १२, गुरुवार
सु. ले फोन. आडून आडून म्हटलं, सियाची खोली पलीकडं नेली तर?
“काहून बाबा? तुमीच तं झ्याक म्हणले.”
म्हटलं, तिकडून ऊन लागते पोरीले.
“मंग खिडकी मोठी करायले सांगतो.”
घ्या! खिडकी मोठी. वर सांगतो काय, सोमवारी येतो सगळे, पहिली कुदळ सिया मारणार, तिच्याच खोलीत. मग जेसीबी.
फोन ठेवला. एवढ्या वजनाचं यंत्र त्या फरशीवर. अन् त्याच्या आधी सात वर्षांची पोर.

ता. १३
हिले सांगितलं. भाकर थापत होती, हात थांबला. तवा चुलीवरून उतरवला. मग, “वीस वर्सं म्या तिथं सांडगे वाळू घातले.”
एवढंच.
संध्याकाळी म्हणे, “पोराले सांगा.” म्हटलं, तोंडच उघडत नाही फोनवर. “तोंड उघडत नाही तं लिहा. पण आज.”
आज नाही झालं.

ता. १४, शनिवार
सकाळी त्या जागेभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या. शेजारचा विचारे, बकऱ्या येतात काय? म्हटलं हो.
मग लिहिलं, कागदाचा फोटो काढून सु. ले धाडला. नक्कल:
“सुधाकर, सियाच्या खोलीखाली पेव आहे, पोकळ, वर नुसती फरशी. मी बुजवलं नाही, खोटं बोललो. आई निर्दोष आहे. इंजिनिअरले तू सांग, माझ्याच्यानं होत नाही. नकाशा बदलायचा का पेव भरायचं, ते तो पाहील. पण पोरीले तिथं उभं करू नको. रागाव, बोलू नको माझ्याशी, चालेल. फक्त सोमवारच्या आत दोन ओळी लिही. लवकर लिही बाबू.”
फोन मांडीवर घेऊन बसलो आहे. त्यानं अजून पाहिलं नाही.